एकोणचाळीस इंच तीन सूत

स्टॉलचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं की पहिली दहा मिनिटं रंगावर जातात आणि पुढची वीस लोगोवर. लोगो मोठा करा, अजून मोठा, जरा वर घ्या. मग चहा येतो. चहा संपता संपता कुणाचं तरी बोट प्लॅनच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकोनावर येऊन थांबतं.

"मॅडम, हे काय आहे?"

"स्टोअर."

"ह्याची गरज आहे का?"

बावीस वर्षं मी प्रदर्शनांचे स्टॉल करते आहे. पंपांचे केले, औषधांचे केले, बियाण्यांचे केले, दागिन्यांचे केले. हा प्रश्न कुठेच चुकला नाही. विचारणाऱ्याचंही काही चुकत नाही म्हणा. मोठ्या प्रदर्शनात रिकाम्या जागेचं भाडं चौरस मीटरला दहा हजारांच्या वर सहज जातं, जीएसटी वेगळा, आणि तेही तीन-चार दिवसांसाठी. एवढे पैसे मोजून घेतलेल्या जागेतला एक तुकडा दाराआड झाकून टाकायचा, तिथे ना यंत्र मांडायचं ना माणूस उभा करायचा, हे कुठल्या हिशेबनीसाला पटेल? मी वाद घालत नाही. "बघू," म्हणते. पुढच्या ड्रॉइंगमध्ये तो चौकोन तिथेच असतो, फक्त रंग जरा फिका केलेला.

एक मीटर बाय एक मीटर. आमच्या मामांच्या भाषेत एकोणचाळीस इंच तीन सूत.

मामा म्हणजे आमचे मिस्त्री. नाव वेगळं आहे, पण साइटवर नव्याने आलेल्या हेल्परपासून साठीच्या इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे मामाच म्हणतात, म्हणून मीही. लालबागला वाढलेले. मंडळांच्या गणपतीच्या देखाव्यांवर हात बसला, थर्माकोलचे महाल कोरले, आणि २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तोवर ते कधीच प्लायवर येऊन स्थिरावले होते. आमच्या कामात तीन मापं एकत्र नांदतात. आयोजक मीटरमध्ये जागा देतात, मी मिलिमीटरमध्ये काढते आणि मामा इंच-सुतात कापतात. इंचाचे आठ सूत. "तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच एक सूत, ताई," असं ते पेन्सिल कानामागून न काढता सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गुपचूप कॅल्क्युलेटरवर तपासलं होतं. सुताचाही फरक नव्हता.

प्रदर्शनात जागा दोन तऱ्हांनी मिळते. एक 'शेल स्कीम', म्हणजे तयार खोका. तीन मीटर बाय तीन मीटर, अॅल्युमिनिअमच्या खांबांत सरकवलेली पांढरी पॅनेलं, कपाळावर कंपनीच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक प्लग आणि एक कचऱ्याची बादली. त्या खांबांना आठ खाचा असतात, म्हणून कुठल्याही बाजूने पॅनेल जोडता येतं. मूळ जर्मन कंपनीच्या नावावरून सगळे त्याला 'ऑक्टोनॉर्म' म्हणतात, माल कुणाचाही असो. दुसरी तऱ्हा 'रॉ स्पेस'. जमिनीवर खडूने किंवा टेपने आखलेला एक चौकोन, बस. तिथे काय उभारायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझं पोट ह्या दुसऱ्या तऱ्हेवर चालतं.

रॉ स्पेसमध्येही प्रतिष्ठा असते. एकच बाजू उघडी असलेला स्टॉल म्हणजे दोन घरांच्या मधलं घर. कोपऱ्यावरचा दोन बाजूंनी उघडा, त्याचा भाव थोडा जास्त. चारही बाजूंनी उघडा तो 'आयलंड'. क्लायंटला आयलंडची फार हौस. चारही बाजूंनी लोक येतील! येतात, खरंच येतात. पण चारही बाजू उघड्या म्हणजे पाठ टेकायला जागा नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं.

मी ह्या धंद्यात नाटकातून आले. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या एकांकिकेचं नेपथ्य माझ्याकडे होतं. नेपथ्य कसलं, एक खाट, एक खिडकीची चौकट आणि एक दोरी. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून मी पहिल्यांदा बघितलं की रंगमंचावर जे दिसतं त्याच्या दुप्पट काम अंधारात चाललेलं असतं. विंगेत पाणी पितात, रडतात, एकमेकांच्या पदराला पिना लावतात, पुढचं वाक्य पुटपुटतात. तिथून दोन पावलं टाकली की प्रकाशात. नटाला ती दोन पावलं मिळाली नाहीत तर त्याने श्वास कुठे घ्यावा? पुढे स्टॉल करायला लागले तेव्हा पहिल्या काही कामांत मला काहीतरी खटकायचं आणि नेमकं बोट ठेवता यायचं नाही. मग एका दुपारी लक्षात आलं. इथे सगळा रंगमंचच आहे. विंगच नाही.

तेव्हापासून तो चौकोन मी सोडला नाही.

गोरेगावला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत जे मोठं प्रदर्शन केंद्र आहे, ते 'नेस्को'चं आवार म्हणजे मूळचा इंजिनिअरिंगचा कारखाना. कधीकाळी जिथे यंत्रं बनत होती तिथे आता यंत्रं मांडतात. आमच्यासाठी ते आवार म्हणजे रात्र. उभारणीला साधारण दोन दिवस आणि दोन रात्री मिळतात, त्यातला पहिला अर्धा दिवस गेट पासात आणि टेम्पो आत घेण्यात जातो. बाहेर आयशर आणि छोटा हत्तींची रांग, आत फोर्कलिफ्टचे भोंगे, आणि चारशे स्टॉल एकाच वेळी ठोकले जात असल्याचा एक सलग आवाज, जो तिसऱ्या तासानंतर ऐकू येईनासा होतो. वातानुकूलन उभारणीच्या दिवसांत बंद. हवेत लाकडाचा भुसा आणि थिनरचा वास. माझ्या आईला वाटतं मी 'डिझाइन'चं काम करते म्हणजे एसीत बसून चित्रं काढते.

खरं म्हणजे स्टॉल तिथे बांधायचा नसतोच, जोडायचा असतो. सगळी कापाकापी, रंध्याचं काम आणि रंगाचे पहिले दोन हात वर्कशॉपमध्येच उरकायचे. पाइनच्या पट्ट्यांच्या चौकटी, वर प्लाय, प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर खुणेचा आकडा. हॉलमध्ये नुसते नट-बोल्ट, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, घासकाम आणि शेवटचा हात. असं पुस्तकात. प्रत्यक्षात दर वेळी काहीतरी उरतंच. एकदा आमची भिंत आखलेल्या जागी बरोब्बर हॉलच्या खांबावर आली होती, आणि तो खांब आयोजकांनी पाठवलेल्या नकाशात नव्हताच.

जमीन सपाट नसते ही दुसरी गोष्ट. डोळ्यांना सपाट दिसते. पण सहा मीटर लांबीच्या चौथऱ्याला एका टोकाला चार सुतांचा फरक पडला, की वरची अडीच-तीन मीटर उंच भिंत पुढे झुकते, आणि दोन भिंतींच्या सांध्यात वरच्या बाजूला नख जाईल एवढी फट पडते. तिथे प्रकाश पडला की ती फट लांबूनही दिसते. मामा ओळंबा लावतात. लेझर लेव्हल आमच्याकडे आहे, मीच आणली. मामा ती चालू करतात, लाल रेघ बघतात, मान डोलावतात, आणि मग खिशातून ओळंबा काढून दोरीला थुंकीचं बोट लावून सोडतात. वजन हलायचं थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग चौथऱ्याखाली पाचर. लाकडाची पाचर नाही, सनमायकाचे कापलेले तुकडे. एक तुकडा सुताचा साधारण तिसरा हिस्सा. पत्ते पिसावेत तसे ते हातात धरून मामा एक एक आत सरकवतात, उठतात, ओळंबा बघतात, पुन्हा गुडघ्यावर. साठ हजारांच्या एलईडी भिंतीचा तोल त्या रद्दी तुकड्यांवर उभा असतो. उद्घाटनाच्या दिवशी त्यावर गालिचा येतो.

त्या रात्रीत सगळ्यात आधी काय उभं राहतं? स्टोअर. मी सांगितलं म्हणून नाही. मामांचीच रीत. एक भिंत, एक चौकट, एक दार, कोपऱ्यात बसवून टाकायचं. मग त्यात हत्यारं, कॉम्प्रेसर, कपडे, डबे. मध्यरात्री एकानंतर एक जण आत गुडघे पोटाशी घेऊन तासभर झोपतो, मग दुसरा. भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम चौतीस इंच उरतात. त्या चौतीस इंचांत माणूस झोपू शकतो हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला पटलं नसतं.

आता प्रदर्शन सुरू झाल्यावर बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तेच दार उघडा. खाली माहितीपत्रकांचे खोके, त्यावर लॅपटॉपच्या बॅगा, त्यावर हेल्मेट. भिंतीला विजेची डीबी, म्हणजे फ्यूजची पेटी, आणि पडद्याचा प्रोसेसर, दोन्ही गरम. हँगरला तीन ब्लेझर. पाण्याचा वीस लिटरचा जार. पेढ्यांचा उघडा बॉक्स, मुंग्या यायच्या बेतात. सेलोटेप, स्टेपलर, क्रोसिन, बँडेड. उंच टाचांच्या बुटांचे दोन जोड, आणि ते ज्यांचे आहेत त्यांतली एक मुलगी उलट्या खोक्यावर बसून पोटऱ्या चोळते आहे. स्वागताला उभ्या राहणाऱ्या ह्या मुली सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उभ्या असतात आणि त्यांना बसायला खुर्ची ठेवलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. दार उघडल्यावर ती दचकून उठली. मी म्हटलं, "बस गं." ती बसली नाही.

एका क्लायंटने एकदा खरोखरच स्टोअर काढायला लावलं. त्या चौकोनात त्यांनी एक टचस्क्रीन ठेवला. टचस्क्रीन चांगला होता. दुपारपर्यंत त्याच्यामागे तीन सॅक आणि एक टिफिन येऊन बसले. चार वाजता परदेशी पाहुणे आले तेव्हा पडद्यावर कारखान्याची फिल्म चालू होती आणि खालून भेंडीच्या भाजीचा डबा दिसत होता. माझ्याकडे त्याचा फोटो आहे. त्या कंपनीला मी तो कधी पाठवला नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, "मॅडम, ते मागे छोटं काहीतरी असतं ना?"

पण माझ्या बाजूनेही घोळ झालेले आहेत. सगळ्यात मोठा दाराचाच.

तेव्हा मला दार दिसू नये ह्याचं वेड होतं. सलग पांढरी भिंत हवी, मूठ नको, कडी नको, चौकटीची रेघही नको. म्हणून पुश लॅच लावला. बाहेरून दाबलं की दार उघडतं. आतून कसं उघडायचं ह्याचा मी विचारच केला नव्हता, कारण माझ्या डोक्यात दार आतून कुणी उघडणार नव्हतं. ड्रॉइंगमध्ये त्या चौकोनात माणूस नव्हता. उद्घाटनाच्या सकाळी कंपनीचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, आत गेले. त्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असे आणि ते चारचौघांत घेणं त्यांना आवडत नसे. मागे दार लागलं. बाहेर ढोल-ताशा. त्यांनी आधी हलकेच वाजवलं असणार, मग जोरात. कुणाला काय ऐकू येणार? शेवटी त्यांनी आतून आपल्याच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसला फोन केला, तिथल्या रिसेप्शनिस्टने गोरेगावच्या मॅनेजरला केला, आणि तो मॅनेजर माझ्याकडे धावत आला. दार उघडलं तेव्हा ते खोक्यावर शांत बसले होते. शर्टाची बाही खाली करत म्हणाले, "डिझाइन छान आहे हो. मी बराच वेळ बघत होतो."

मी मान खाली घातली. मामांनी काही न बोलता ड्रिल आणलं, दाराला आरपार भोक पाडलं आणि सुतळीचं एक कडं बांधलं. बाहेरच्या बाजूला गाठ दिसू नये म्हणून पांढऱ्या रंगाचा ठिपका. तेव्हापासून आमच्या प्रत्येक स्टोअरच्या दाराला आतून ती सुतळी असते. पुढे ड्रॉइंगमध्येही मी ती काढायला लागले. एक छोटा गोल, बाणाने दाखवलेला, शेजारी लिहिलेलं 'सुतळी'. नवीन आलेल्या आर्किटेक्चरच्या मुलांना त्याचं फार हसू येतं.

ह्या विषयावर बोलताना मी एक दाखला हमखास देते, तो लंडनचा. १८५१ साली हाइड पार्कात जे महाप्रदर्शन भरलं, तो आमच्या धंद्याचा मूळपुरुष. जोसेफ पॅक्स्टनने काच आणि लोखंडाचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारला, तोसुद्धा आमच्यासारखाच, कारखान्यातून तयार भाग आणून जागेवर जोडलेला. नंतर तो खोलून दुसरीकडे पुन्हा उभा केला. साडेपाच महिन्यांत साठ लाख प्रवेश झाले. भारताच्या दालनात हौदा मांडायचा होता आणि हौदा हत्तीशिवाय कसा शोभणार, म्हणून एसेक्समधल्या एका गावच्या संग्रहालयातून भुसा भरलेला हत्ती आणला. तो हत्ती आफ्रिकेतला होता! शेवटच्या रात्री मिळेल ती वस्तू आणून वेळ मारून नेणं किती जुनं आहे, ते ह्यावरून कळतं. कोहिनूरही तिथेच मांडला होता. लोकांची झुंबड उडाली आणि निराशा झाली, कारण हिरा चमकेचना. मग गॅसचे दिवे लावले, आरसे लावले. 'मॅडम, लाइट कमी पडतोय' ही तक्रार तिथपासून चालत आली आहे, आणि दिवे वाढवून ती तेव्हाही पुरती सुटली नव्हती. पुढच्या वर्षी हिराच नव्याने कापला.

पण माझा दाखला ह्यातला नाही. त्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसाने पाण्याने धुतली जाणारी संडासं बसवली होती, एक पेनी देऊन वापरायची. ८ लाख २७ हजार २८० लोकांनी ती वापरली. आकडा इतका नेमका आहे कारण पैसे मोजले गेले. जगातल्या उत्तमोत्तम वस्तू एका छताखाली आणणाऱ्यांना हे जेनिंग्जनेच पटवलं, की बघायला येणाऱ्याला शरीरही असतं. क्लायंट ह्यावर हसतात, आणि बहुतेक वेळा माझा चौकोन वाचतो.

ह्याच प्रदर्शनांच्या लाटेतून आपल्याकडे एक चांगली गोष्ट उरली, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवल्या, त्यांच्या जोडीच्या वस्तू इथे ठेवल्या आणि त्यातून संग्रहालयाची सुरुवात झाली. आजची इमारत १८७२ ची. तिथल्या कपाटांतल्या मातीच्या छोट्या माणसांच्या बाहुल्या बघायला मी वर्षातून एकदा तरी जाते. स्टॉल कसा करावा ते तिथे शिकायला मिळतं: एक वस्तू, भोवती मोकळी जागा, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. आमच्या क्लायंटना मोकळी जागा म्हणजे फुकट गेलेलं भाडं वाटतं, तो भाग वेगळा.

बघणाऱ्याच्या डोळ्याविषयी मला खरं शिकवलं ते मोशीने.

पुण्याजवळ मोशीच्या मैदानावर डिसेंबरात 'किसान' हे शेतीचं प्रदर्शन भरतं. गोरेगावच्या हॉलचा थाट तिथे नाही. मोठमोठे मांडव, बाहेर ट्रॅक्टर, धूळ इतकी की सकाळी पुसलेला पांढरा काउंटर जेवणापर्यंत बदामी होतो. रात्री कडाक्याची थंडी. आणि माणसं! जीपगाड्या करून, एसटीने, गावची गावं येतात. हातात पिशवी, पिशवीत पंधरा स्टॉलची पत्रकं.

आम्ही तिथे एका ठिबक सिंचनाच्या कंपनीचा स्टॉल केला होता. समोर हिरव्या रंगाची वळणदार भिंत, त्यातून बाहेर आलेल्या काळ्या नळ्या, थेंब थेंब पाणी काचेच्या कुंड्यांत पडतंय, खालून निळा प्रकाश. माझ्या मते सुरेख. लोक यायचे, दोन क्षण बघायचे आणि भिंतीच्या कडेने मागे जायला लागायचे. पहिल्यांदा मला वाटलं वाट चुकले. मग एक म्हातारे गृहस्थ स्टोअरच्या दारापाशीच येऊन ठेपले. पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या.

"आजोबा, इकडे काही नाही. पुढे या."

"पुढचं बघितलं. फिल्टर कुठं बसवलाय? जोड कसा घेतलाय? मागनं दावा की."

फिल्टर स्टोअरमध्ये होता. टाकी, पंप, फिल्टर, सगळ्या जोडण्या, सगळं त्या एकोणचाळीस इंचांत कोंबलेलं. मी दार उघडलं. आजोबा उकिडवे बसले, चष्मा कपाळावर घेतला आणि नळीच्या प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. एका सांध्याखाली अंगठा थांबला. ओला झाला होता. त्यांनी तो मला दाखवला. नुसता दाखवला, बोलले काहीच नाहीत. कंपनीचा इंजिनिअर धावत आला, टेफ्लॉन टेप लावली. तोवर मागे बारा-पंधरा जण जमले होते आणि स्टोअरच्या दारात माझ्या हिरव्या भिंतीसमोर नव्हती एवढी गर्दी होती.

शहरातला माणूस समोरून बघतो, पत्रक घेतो आणि पुढे जातो. ज्याला ती वस्तू घेऊन रानात बसवायची आहे, पाणी नाही आलं तर रात्री बॅटरी घेऊन ज्याला जायचं आहे, तो पाठ बघतो. पुढच्या वर्षी मी त्याच कंपनीला मागची भिंत अर्धी उघडी ठेवलेला स्टॉल दिला. टाकी, पंप, फिल्टर, जोड, सगळं उघड्यावर, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे उकिडवं बसून बघता येईल असं. शेजारी दोन बाकं. मार्केटिंगच्या साहेबांना ते 'वर्कशॉपसारखं' वाटलं. विक्रीच्या साहेबांनी मला मिठाई पाठवली.

गंमत म्हणजे सगळी यंत्रणा बाहेर आल्यावर स्टोअर रिकामं झालं. म्हणून मी त्या वर्षी ते काढून टाकायला निघाले होते. मामा म्हणाले, "राहू द्या ताई, लागेल." तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली, नवरा पंपांच्या स्टॉलवर अडकला होता. बाळाला पाजायला आडोसा कुठे आहे का, असं तिने आमच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं. मुलीने दार उघडून दिलं, आत खोका सरकवला, सुतळी कशी ओढायची ते दाखवलं आणि दाराबाहेर पाठ करून उभी राहिली. अर्ध्या तासात आणखी दोघी आल्या. त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. संध्याकाळपर्यंत ते दार बायकांचंच झालं होतं.

२०२० मध्ये प्रदर्शनं बंद पडली. एका झटक्यात, पूर्ण. ज्या हॉलांत आम्ही रात्री काढल्या होत्या तिथे खाटा आल्या. नेस्कोच्या आवारातही कोविड केंद्र झालं. आमचं काम शून्यावर आलं आणि मामांना शहरातल्या दुसऱ्या एका जंबो केंद्रात आडोशांची पॅनेलं उभी करायला बोलावलं, तीच पांढरी, आठ खाचांच्या खांबांची. त्यांनी मला फोन केला. नकाशा कुठल्यातरी ऑफिसातून आला होता, खाटा बरोबर बसत होत्या, सगळं ठीक. "पण ताई, डॉक्टरलोकांना ते किट उतरवल्यावर बसायला काहीच नाही. उभ्याउभ्या रडत होती एक मुलगी." मी विचारलं, मग? "मग काय. कोपऱ्यात चार पॅनेलं जास्तीची लावली. कुणी विचारलं नाही." दार नव्हतं, पडदा लावला होता. मी विचारलं नाही, पण मामांनी त्याच्या आतल्या बाजूला सुतळी बांधली असेल असं मला उगाच वाटत राहिलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाची घोषणा होते आणि घोषणेचा शेवटचा शब्द पुरता व्हायच्या आत कुठेतरी पहिला हातोडा पडतो. चार दिवस जपलेला गालिचा कटरने उभा फाडला जातो. ज्या भिंतीला बोट लावू नका म्हणून मी ओरडत होते तिच्यावर आता पहार चालते. सकाळपर्यंत जागा मोकळी करून द्यायची, नाहीतर डिपॉझिट गेलं. प्लाय तोडून भंगारात घालणं परत नेण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून बहुतेक जण तोडतात. हा आमच्या धंद्याचा न सांगण्यासारखा भाग. मीही पुष्कळ तोडलं आहे. अलीकडे बोल्टने जोडणारी, पुन्हा वापरता येणारी पॅनेलं वाढवली आहेत, पण क्लायंटला दर वर्षी नवा चेहरा लागतो आणि नवा चेहरा म्हणजे नवा प्लाय.

स्टोअरची तीन पॅनेलं मात्र आम्ही कधीच तोडली नाहीत. एक भिंत, एक चौकट, एक दार. बाहेरून त्यांना दर वेळी नवं विनाइल चढतं, कधी हिरवं, कधी निळं, कधी लाकडाच्या छापाचं. आतली बाजू कुणी बघत नाही आणि तिचे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे आतला प्लाय अकरा वर्षं तसाच आहे, उघडा. खंडेनवमीला हत्यारांबरोबर मामा ह्या पॅनेलांनाही हळदकुंकवाची बोटं लावतात, ती एकावर एक चढून त्यांचा तपकिरी डाग झाला आहे. त्याखाली मामांचे सुतांचे हिशेब. 'चहा १४, कटिंग ६.' कुठल्यातरी वायफायचा पासवर्ड. उभ्या चार रेघा आणि पाचवी तिरकी, असे दोनशे पंचेचाळीस भेटकर्ते कुणीतरी मोजले आहेत. 'दार हळू लावा, पडदा बंद पडतो.' इंग्रजीत एक भाषण, पहिली तीन वाक्यं, बहुधा पाठ करण्यासाठी. बारीक अक्षरात: 'अजून २ तास.' त्याच अक्षरात, खाली: 'अजून १.'

गेल्या डिसेंबरात मोशीला खोलाखोली चालू होती. मी बॅटरी धरली होती, मामा दार बिजागरीतून काढत होते. सुतळीच्या वरच्या बाजूला एक नवी ओळ दिसली. निळं बॉलपेन, वळणदार अक्षर, आमच्या माणसांपैकी कुणाचं नाही.

'इथे एक पंखा लावा.'

मामांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि दार टेम्पोत चढवलं.

पुढचं काम फेब्रुवारीत गोरेगावला होतं. मागच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मी एक छोटं वर्तुळ काढलं, भिंतीवरचा बारा इंची पंखा, आणि त्यासाठी वेगळा पॉइंट दाखवला. ड्रॉइंग टेबलावर पसरलं. रंग झाले, लोगो झाला, चहा आला.

"मॅडम, हे काय आहे?"

"पंखा."

"आणि तो ज्याच्यात आहे ते?"